अलाउलिस्टमधल्या दुबार नोंदी: एकत्र कशा करायच्या आणि त्या परत का येतात

"दादा, कालच 'परवानगी द्या' दाबलं होतं की. आज परत तेच विचारतंय."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून हिशेब बघणाऱ्या अक्कांचा असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी यायचा. तिथे अकरा कॉम्प्युटर आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. ओळखीच्या एका ऑफिसातल्या सगळ्या फायली रॅन्समवेअरने अडकवल्या, ते ऐकून मालकांनी, म्हणजे अण्णांनी, अलाउलिस्टिंगचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. त्याचा नियम सोपा आहे. यादीत ज्याची नोंद आहे तोच प्रोग्रॅम चालतो, बाकी सगळं दारातच अडतं.

फोन आला की मी घरून कन्सोल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा नियंत्रणाचा स्क्रीन, उघडायचो, अडलेल्या नोंदीला परवानगी द्यायचो आणि अक्कांचं काम पुढे सरकायचं. दीड वर्ष हे असंच चाललं. एके दिवशी यादी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली, तेव्हा ब्राउझर सात ओळींत सापडला, पीडीएफ उघडायचा प्रोग्रॅम पाच ओळींत, झिप फायली सोडवायचं साधन चार ओळींत, आणि 'सेटअप' नावाच्या इतक्या नोंदी होत्या की कुठली कशाची हे मलाही सांगता आलं नाही.

तुमच्याकडेही परवानगी दिलेला प्रोग्रॅम अपडेटनंतर परत अडत असेल, एका टेबलावर चालणारा शेजारच्या टेबलावर चालत नसेल, आणि यादी दर महिन्याला लांबत असेल, तर अडचण हीच आहे.

नावावरून साफसफाई करू नका

हे आधी सांगतो, कारण मी तेच केलं होतं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेमुळे ऑफिस बंद होतं. वेळ मिळाला म्हणून यादी नावानुसार लावली, प्रत्येक नावाची सगळ्यांत नवी नोंद ठेवली आणि बाकीच्या पुसल्या. यादी निम्म्याहून कमी झाली. मला समाधान वाटलं.

ऑफिस उघडल्यावर दोन कॉम्प्युटरवर ब्राउझर सुरूच होईना. त्या दोघांवर अपडेट मध्येच अडकलं होतं, ते जुन्याच आवृत्तीवर होते, आणि जुनी नोंद मी पुसलेली. त्यातला एक कॉम्प्युटर डिस्पॅचचा. माल भरून ट्रक गेटवर उभा आणि ई-वे बिल निघेना. डिझाइनच्या खोलीत तर जकार्डचं, म्हणजे विणीतल्या नक्षीचं, डिझाइन सॉफ्टवेअर उघडायचं, पण फाइल मागाच्या कंट्रोलरला पाठवताना थांबायचं. पाठवायचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा होता आणि त्याच्या नोंदीवरही मुख्य सॉफ्टवेअरचंच नाव होतं. मी त्याला दुबार समजून काढलं होतं.

ट्रक सव्वादोन तास थांबला. अण्णा मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी नाव हा निकष म्हणून वापरत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजावायला फार शब्द लागू नयेत. बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरात विणलेली नसते, म्हणून तर भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. आणि खरोखर इथल्याच दोन टॉवेलांचा रंग 'मरून' असला, तरी रंगाईचा लॉट वेगळा असेल तर जाणकार माणूस ते एका गठ्ठ्यात बांधत नाही. तो आधी लॉट नंबर बघतो. प्रोग्रॅमच्या बाबतीतही लॉट नंबर आहे आणि मानांकनही आहे. फक्त ते कन्सोलच्या पहिल्या रकान्यात दिसत नाहीत.

नोंद प्रोग्रॅमला कशावरून ओळखते

कुठलंही अलाउलिस्टिंग साधन घ्या, ओळख पटवायच्या मुख्य पद्धती तीनच आहेत.

पहिली हॅश. फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला हा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ अक्षरी दिसतो आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. हा लॉट नंबर. सगळ्यांत पक्का, पण प्रत्येक अपडेटला नवा.

दुसरी फाइलची जागा, म्हणजे कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात. तिसरी बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल स्वाक्षरी. स्वाक्षरीसोबत प्रॉडक्टचं नाव, मूळ फाइलनाव आणि आवृत्ती हेही वाचता येतं, आणि फाइल सही केलेली असल्यामुळे या गोष्टी नंतर कुणी बदलल्या तर सही मोडते. हे मानांकन.

आता अक्कांच्या फोनचं कोडं सुटतं. कन्सोलवर घाईत 'परवानगी द्या' दाबलं की आमचं साधन मूळ सेटिंगप्रमाणे हॅशची नोंद करत होतं. क्रोमने २०२१ मध्ये मोठ्या आवृत्त्यांचं चक्र सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणलं, आणि २०२३ पासून मधल्या सुरक्षा दुरुस्त्या आठवड्याला यायला लागल्या. विंडोजच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. म्हणजे परवानगी हॅशने दिली तर ती मुळातच काही दिवसांची असते. अक्कांनी काल दाबलेलं 'हो' कालच्या फाइलला होतं. आजची फाइल वेगळी होती.

जुनी नोंद निरुपद्रवी नसते

'असू देत की सात ओळी, बिघडतंय काय?' असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. बिघडतं. प्रत्येक जुनी हॅश-नोंद म्हणजे त्या जुन्या आवृत्तीला कायमचा दिलेला पास आहे.

झिपसारख्या फायली सोडवणाऱ्या विनरारचं उदाहरण घ्या. सीव्हीई-२०२३-३८८३१ या क्रमांकाची (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची जाहीर यादी) त्रुटी ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीत दुरुस्त झाली, आणि हल्लेखोर ती त्याच वर्षीच्या एप्रिलपासून वापरत होते. पुढे सीव्हीई-२०२५-८०८८ आली, ती जुलै २०२५ च्या ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, माणसाने नवी आवृत्ती टाकावी लागते. समजा तुम्ही ७.१३ टाकली, तिला परवानगी दिली आणि ६.२२ ची हॅश-नोंद यादीत तशीच राहिली. आता कुणाच्या पेनड्राइव्हवर किंवा जुन्या बॅकअपमध्ये ६.२२ पडलेली असेल तर तुमचं सुरक्षेचं साधनच तिला चालू देईल. बाहेरून सगळं हिरवं दिसेल.

म्हणून मला या दुबार नोंदींची काळजी वाटते. यादी लांबली की ती कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या यादीत काय काय चालू आहे हे मालकाला कळत नाही.

यादी बाहेर काढून बघा

कन्सोलमधून पूर्ण यादी सीएसव्हीमध्ये काढा आणि एक्सेलमध्ये उघडा. पहिलं काम, नावाचा रकाना लपवा. मग सही करणारी कंपनी, मूळ फाइलनाव, आवृत्ती, हॅश, जागा आणि शेवटचं कधी चाललं, एवढे रकाने ठेवा. आधी कंपनीनुसार, मग मूळ फाइलनावानुसार लावा. आमच्याकडे या एका क्रमाने 'सेटअप' नावाच्या ढिगाचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा कुणाचा हे दिसलं.

कंपनी तीच, फाइलनाव तेच, फक्त आवृत्त्या वेगळ्या, असे गट सगळ्यांत सोपे. ते एका स्वाक्षरी-नोंदीत जातात.

हॅश तीच आणि जागा वेगळी, हाही दुबारपणाच, पण त्याचं कारण शोधायला हवं. आमच्याकडे एक छपाईचं साधन तीन जागी होतं: प्रोग्रॅम फाइल्समध्ये, एका मुलाच्या डेस्कटॉपवर, आणि सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरात. शेअर फोल्डर कुणाकडे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, कुणाकडे सरळ सर्व्हरच्या नावाने. कन्सोलला त्या दोन वेगळ्या जागा वाटल्या. इथे नोंदी एकत्र करण्याआधी फाइलच एका जागी आणली.

तिसरा गट नाजूक. नाव तेच, पण सही करणारा वेगळा. कधी यात काही वाईट नसतं. कंपनीने सहीसाठी लागणारं प्रमाणपत्र नव्याने घेताना 'प्रायव्हेट लिमिटेड' ऐवजी 'प्रा. लि.' लिहिलं, किंवा नोंदणीचा पत्ता दुसऱ्या शहरात गेला, की स्वाक्षरीतला मजकूर बदलतो आणि साधनाला ती दुसरी कंपनी वाटते. पण कधी तो खरंच परका प्रोग्रॅम असतो. अशा प्रत्येक फाइलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब उघडा आणि पूर्ण मजकूर वाचा. खात्री होईपर्यंत हा गट हलवू नका.

राहिल्या सही नसलेल्या फायली. त्यांच्यावर लिहिलेलं प्रॉडक्टचं नाव कुणीही काहीही टाकू शकतो, म्हणून ते पुरावा धरता येत नाही. त्यांना हॅशनेच ओळखायचं, आवृत्तीगणिक एक नोंद, जुनी निघाली की तिची नोंदही काढायची. आमच्या भागात छोट्या कारखान्यांसाठी स्थानिक मुलांनी लिहिलेले पगाराचे, बीमच्या हिशेबाचे प्रोग्रॅम बरेच चालतात. त्यांना सही नसते. ते लिहिणारा ओळखीचा असेल तर त्याला सही करून द्यायला सांगा. तोवर तो प्रोग्रॅम अशा फोल्डरात ठेवा जिथे साध्या युजरला लिहिता येत नाही.

एकत्र करण्याचा क्रम

सुरुवात बॅकअपपासून. पूर्ण पॉलिसी, म्हणजे यादी आणि तिची सेटिंग, बाहेर काढून तारखेसह दुसऱ्या जागी ठेवा. आणि ती परत आत घेता येते का, हे एका मोकळ्या कॉम्प्युटरवर करून बघा. मी संक्रांतीला हे केलं असतं तर ट्रक दहा मिनिटांत सुटला असता.

मग नवी स्वाक्षरी-नोंद तयार करा, पण जुनीला हात लावू नका. नव्या नोंदीत चार गोष्टी भरायच्या: कंपनी, प्रॉडक्ट, फाइलनाव, आणि किमान आवृत्ती. ही चौथी गोष्ट बरेच जण मोकळी सोडतात, आणि खरा फायदा तिच्यातच आहे. 'ही आवृत्ती आणि यापुढच्या' असं ठरवलं की पुढचं प्रत्येक अपडेट न विचारता चालतं, आणि जुन्या नोंदी निघाल्या की मागच्या सगळ्या आवृत्त्या एका फटक्यात बंद होतात. विनरारसाठी ७.१३ आणि पुढे. ब्राउझरसाठी सगळे कॉम्प्युटर ज्या आवृत्तीच्या वर आहेत ती.

नोंद किती रुंद ठेवायची, यावर माझं मत ठाम आहे. फक्त कंपनीचं नाव लिहून बाकी सगळं मोकळं सोडू नका, कंपनी कितीही मोठी असली तरी. मायक्रोसॉफ्टची सही एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसबिल्ड या दुसऱ्यांचा कोड चालवू शकणाऱ्या साधनांवरही आहे, आणि हल्लेखोर नेमकी अशीच सही असलेली साधनं वापरून आत शिरतात. मायक्रोसॉफ्टनेच अशा फायलींची, अडवायला हव्यात म्हणून, यादी प्रसिद्ध केलेली आहे. सात ओळींची एक ओळ करताना ती ओळ सातशे फायलींना दार उघडणार नाही एवढं बघायचं.

नंतर पॉलिसी निरीक्षण मोडवर, म्हणजे ऑडिटवर, ठेवून एका-दोन कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी बंद करा. बंद करा, पुसू नका. ऑडिटमध्ये काही अडत नाही, फक्त 'हे अडलं असतं' अशी नोंद लॉगमध्ये पडते.

हे किती दिवस चालू ठेवायचं? एक आठवडा पुरेल असं सगळीकडे सांगतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी मला ते कमी वाटतं. मासिक रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, जीएसटीआर-३बी ची २०, टीडीएस भरायची ७. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन चालवणारी छोटी युटिलिटी त्याच दिवसांत उघडते, एरवी महिनाभर तिचं नावही लॉगमध्ये येत नाही. पगाराचा प्रोग्रॅम महिन्याच्या टोकाला चालतो. म्हणून ऑडिटचा काळ एक पूर्ण महिना ठेवा आणि या तिन्ही तारखा त्यात येतील असं बघा. त्याच कारणासाठी 'तीस दिवसांत चाललं नाही' असा फिल्टर लावून नोंदी उडवू नका. वार्षिक ताळेबंदाचं काम वर्षातून एकदाच असतं, आणि ते साधन अडलेलं तेव्हाच कळतं.

महिना नीट गेला की जुन्या नोंदी सगळीकडे बंद करा. आणखी एक महिना थांबून मग पुसा.

स्वाक्षरीचीही नोंद दुबार होते, ती का

हे वेगळं सांगायला हवं, कारण स्वाक्षरी-नोंद केली म्हणजे प्रश्न संपला असं मीही समजत होतो. काही साधनं कंपनीच्या नावाऐवजी प्रमाणपत्राचा थंबप्रिंट, म्हणजे त्या प्रमाणपत्राचाच ठसा, धरतात. प्रमाणपत्र नव्याने घेतलं की थंबप्रिंट बदलतो, नाव तेच असलं तरी. कोड-साइनिंग प्रमाणपत्राची मुदत आधी जास्तीत जास्त ३९ महिने असायची. १ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्रांसाठी ही मर्यादा ४६० दिवसांवर आली आहे, म्हणजे साधारण सव्वा वर्ष. थंबप्रिंटवर नोंदी केल्या असतील तर पूर्वी तीन वर्षांनी येणारा हा त्रास आता प्रत्येक कंपनीमागे सव्वा वर्षाने येईल. कन्सोलमध्ये नोंद कशावर बांधलीय हे उघडून बघा. सोय असेल तर कंपनीचं नाव आणि ते प्रमाणपत्र देणारी संस्था अशी जोडी धरा.

जुना थंबप्रिंट मात्र लगेच काढायचा नाही. सही करताना वेळेचा शिक्का लावलेला असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही ती जुनी सही वैधच राहते, आणि जुनी आवृत्ती ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे तिची गरज असते. आधी आवृत्ती हलवायची, मग नोंद.

विंडोजचं अ‍ॅपलॉकर वापरत असाल तर

होटगी रोडवरच्या एका ऑफिसात विकतचं साधन न घेता विंडोजमध्येच असलेलं अ‍ॅपलॉकरच लावलं आहे. तिथे दुबारपणा निराळ्या वाटांनी आला होता.

एक, नियम मर्ज करताना अ‍ॅपलॉकर फक्त नियमाचा आयडी सारखा असेल तरच दुसरा काढून टाकतं. मजकूर शब्दशः एकच पण आयडी वेगळा, असे दोन नियम शेजारी शेजारी सुखाने राहतात. दोन माणसांनी आपापल्या कॉम्प्युटरवर तोच नियम बनवून नंतर एकत्र केला की हे होतं. शिवाय एकाहून जास्त ग्रुप पॉलिसी (अनेक कॉम्प्युटरवर एकदम लागू होणारे सेटिंगचे संच) लागू असतील तर त्यांतले नियम एकमेकांना पुसत नाहीत, सगळ्यांची बेरीज होते. त्यामुळे एका पॉलिसीतून काढलेला नियम दुसरीतून चालूच राहतो आणि माणूस चक्रावतो. नियम एका पॉलिसीत आणा आणि तीच फाइल मूळ प्रत धरा.

दोन, हॅश जुळत नाही म्हणून नवा नियम. एक्झी फायलींसाठी अ‍ॅपलॉकर ऑथेंटिकोड पद्धतीची हॅश धरतं, ज्यात सहीचा भाग मोजला जात नाही. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीतल्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने निघणारी हॅश पूर्ण फाइलची असते. दोन्ही एसएचए-२५६ च, पण आकडे वेगळे. ते जुळेनात म्हणून 'ही दुसरीच फाइल दिसते' असा निष्कर्ष काढून तिथल्या मुलाने एकाच फाइलचे तीन नियम केले होते. तुलना करायची तर गेट-अ‍ॅपलॉकरफाइलइन्फर्मेशन ही आज्ञा वापरा.

तीन, फोल्डरांचे नियम. अ‍ॅपलॉकरमधला प्रोग्रॅमफाइल्स हा टक्केचिन्हातला शब्द ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही फोल्डरांना लागू होतो, दोन नियम लागत नाहीत. पण युजरप्रोफाइल हा विंडोजचा नेहमीचा शब्द अ‍ॅपलॉकरला समजत नाही. तो चालेना म्हणून लोक प्रत्येक युजरच्या नावाने एक नियम करतात आणि यादी माणसांच्या संख्येने गुणली जाते. युजरच्या फोल्डरावर जागेचा नियमच करू नका. तिथे कुणीही काहीही आणून टाकू शकतं. विंडोज फोल्डरातल्या टेम्प आणि टास्क्स या फोल्डरांतही साध्या युजरला लिहिता येतं, त्यामुळे पूर्ण विंडोज फोल्डर मोकळा सोडला असेल तर या दोघांना अपवादात टाका.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी नियम आपोआप बनवणाऱ्या विझार्डमधला 'सारख्या फायली गटात घेऊन नियम कमी करा' हा पर्याय चालू ठेवावा. पॉवरशेलमध्ये न्यू-अ‍ॅपलॉकरपॉलिसीला ऑप्टिमाइझ जोडलं की तेच होतं. लॉगमध्ये ८००३ हा इव्हेंट क्रमांक दिसला तर 'अडलं असतं', ८००४ दिसला तर 'अडवलं'. आणि नाकारणारा नियम नेहमी परवानगीवर मात करतो, त्यामुळे एकत्र केलेला नियम बरोबर असूनही प्रोग्रॅम अडत असेल तर आधी नकार शोधा.

दोन महिन्यांनी यादी परत लांबली

एवढं करूनही आमच्या कारखान्यात नोंदी परत वाढायला लागल्या. आधी मला साधनाचाच दोष वाटला. शोधल्यावर चार गोष्टी निघाल्या.

डिझाइनच्या खोलीतल्या दोन कॉम्प्युटरवर शिकण्याचा मोड चालूच राहिला होता. नवं सॉफ्टवेअर टाकताना मी तो चालू केला आणि बंद करायला विसरलो. त्या मोडमध्ये जे चालेल ते यादीत जातं. आता तो चालू करताना बंद होण्याची वेळही त्याच क्षणी घालतो.

काही प्रोग्रॅम प्रत्येक युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बसले होते आणि दर अपडेटला आवृत्तीच्या आकड्याचा नवा फोल्डर बनवत होते. जागा धरून नोंद असेल तर नवा फोल्डर म्हणजे नवी नोंद. मशीनवर सगळ्यांसाठी एकदाच बसणारी आवृत्ती बहुतेक मोठे प्रोग्रॅम देतात. ती आणून युजरवाली काढली. एवढ्या एका बदलाने नोंदींची वाढ सगळ्यांत जास्त थांबली, आणि परत करायची वेळ आली तर मी सुरुवात इथूनच करेन.

इन्स्टॉलर चालताना टेम्पमध्ये यादृच्छिक नावाचे फोल्डर बनतात. इनो सेटअपने बनवलेले इन्स्टॉलर 'आयएस' आणि पुढे काही अक्षरं अशा नावाचा फोल्डर करून त्यातून काम करतात. त्या तात्पुरत्या फाइलला कुणीतरी परवानगी दिली की यादीत कायमची ओळ राहते, फाइल मात्र पाच मिनिटांत नाहीशी होते. इन्स्टॉल करण्यासाठी ठराविक मुदतीची परवानगी द्या, यादीत नोंद करू नका.

आणि परवानगीचे अधिकार. अक्का, डिस्पॅचचा मुलगा, मी, अण्णांचे धाकटे चिरंजीव, चौघांकडे होते. चौघेही चांगल्या हेतूने दाबत होते. अधिकार आता दोघांकडे आहेत. अक्कांना मी कागदावर लिहून दिलं: अडलं की स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पंधरा मिनिटांत उत्तर येईल. हे आश्वासन पाळणं माझ्याकडून जरुरीचं आहे. उशीर झाला तर लोक अधिकार परत मागतात, आणि ते मागणं चूक नसतं.

दोन नोंदी मी एकत्र केल्या नाहीत

जकार्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या अजूनही यादीत आहेत. नवी डिझाइनच्या खोलीत, जुनी मागाच्या कंट्रोलरला जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर. तो कंट्रोलर नव्या आवृत्तीची फाइल घेत नाही आणि माग बदलणं हा लाखांचा निर्णय आहे. जुन्या आवृत्तीला सही नाही. तिची नोंद हॅशने केली, फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरती मर्यादित ठेवली, आणि त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढलं. फायली तिथे ठरलेल्या एकाच पेनड्राइव्हने जातात.

कन्सोलमध्ये प्रत्येक नोंदीला शेऱ्याचा रकाना असतो, तो सहसा रिकामा असतो. त्या जुन्या नोंदीच्या शेऱ्यात मी लिहिलं आहे: 'दुबार नाही. शेड नंबर २ चा कंट्रोलर जुनीच फाइल घेतो. पुसल्यास माग थांबेल. दर तीन महिन्यांनी तपासणे, माग बदलल्यास काढणे.' खाली तारीख आणि माझा फोन नंबर.